वाळवणातली मोकळी फरशी

संडासाचं पाणी वर यायला लागलं, म्हणून आष्ट्याहून मैला उपसायची गाडी बोलावली. दुसऱ्या दिवशी बायकोचं वर्षश्राद्ध, घरात माणसं येणार. पण टाकीचं झाकण कुठं हाय तेच मला ठावं न्हाई. तिनं हौसेनं अंगणभर शहाबादी फरशी घालून घेतली होती, झाकण त्या फरशीखाली गेलेलं.

गाडीवाल्यानं पहार घेतली. "आवं आबा, सगळी फरशी उचकटू या."

"तिनं घातलीय ती. फोडलीस तर तुझं टाळकं फोडीन."

"मग झाकण कुठं हाय ते सांगा की!"

मी अंगणाकडं बघत राहिलो. उन्हाळ्यात ती सांडगे, कुरडया अंगणभर वाळत घालायची, पण पेरूजवळची एक फरशी कायम मोकळी सोडायची. का, ते मी कधी विचारलं न्हाई.

"तिथं ठोक," म्हणालो.

पोकळ आवाज आला. तेवढी एकच फरशी अलगद उचलली, तर खाली झाकण.

"आजींनी सांगून ठेवलं हुतं व्हय?"

"न्हाई रं. मैल्यावर सांडगं कोण वाळवंल?"

टाकी उपसून गाडी गेली. मी तिथंच बसून, ती आणखी काय काय टाळायची, ते आठवू लागलो. एकेकाचं कारण आता माझं मलाच हुडकायचं हाय.