हरतालिकेचा मोडलेला उपास

मधुमेह निघाला तेव्हा मी देवावर चांगलीच रुसले होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गिरगाव सोडून आम्ही नुकतेच भाईंदरला, जेसल पार्कात राहायला आलो होतो. आयुष्यभर उपासतापास करणाऱ्या बाईला साखरेचाच आजार द्यावा, ही कसली थट्टा? देव आहे की नाही, असं मनात आलं नाही. त्याचं माझ्याकडे लक्ष आहे का, एवढीच शंका होती.

त्याच वर्षी ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि पाठोपाठ हरतालिका आली. नवऱ्याच्या आयुष्यासाठीचा हा कडकडीत उपास लग्नापासून एकदाही चुकला नव्हता, आणि यंदा तर तो सोडायची छातीच होईना. औषधाने उपास मोडत नाही, असं आमच्याकडच्या सगळ्याच बायका मानतात. म्हणून सकाळी घोटभर पाण्याबरोबर मधुमेहाची गोळी तेवढी घेतली आणि निश्चिंत झाले.

पूजा आमच्याच इमारतीत, रत्नागिरीच्या वहिनींकडे होती. चौरंगावर वाळूची पिंड, भोवती पत्री, आणि खोलीभर नटूनथटून बसलेल्या बायका. आज ते सगळं आठवलं की जीव हळवा होतो. ती इमारत पाडली, बायका कुठे कुठे पांगल्या. तर, दुपारी कहाणी चालू असताना माझे हात थरथरू लागले. दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. मला वाटलं, आज पूजेत मन फारच रंगलंय!

"अगं बाई, हिच्या अंगात आलं!" वहिनी ओरडल्या. समोरच्या गुजराती बेन हात जोडून "माताजी आव्या, माताजी आव्या" म्हणू लागल्या. कुणी माझ्या कपाळाला मळवट भरला. एकीने पदर पसरून विचारलं, "आई, माझ्या मुलाला नोकरी कधी लागेल?" मला शब्द फुटेना. माझा जीव चालला होता आणि सगळ्या मला नमस्कार करत होत्या.

तेवढ्यात दाराजवळची एक म्हातारी उठली. वरसाव्याहून शेजाऱ्यांकडे पाहुणी आली होती म्हणे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"देवी आली हाय ना? मग तिला उपाशी ठेवायची न्हाय," ती म्हणाली. "आधी गोड घाला तिच्या तोंडात." कुणी हललं नाही, तेव्हा तिनेच पंचामृताची वाटी उचलली आणि माझी मान धरून घोट घोट पाजलं.

हळूहळू चेहरे ओळखू येऊ लागले. जिभेवरची गोडी कळली तशी मी हमसून रडायला लागले. "उपास मोडला हो माझा! आता ह्यांचं कसं होणार?"

म्हातारीने पदराने माझं तोंड पुसलं. "तू कवा खाल्लंस, बाय? खाल्लं ते देवीनं. तुझा उपास हाय तसा हाय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं. आपण उपाशी असलो की यकृत स्वतःच्या साठ्यातली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं आणि शरीर इन्सुलिन आवरतं घेतं. माझी गोळी मात्र शरीराला इन्सुलिन सोडायलाच लावत होती, म्हणून साखर पार खाली गेली. वेळेवर गोड मिळालं नसतं तर काही खरं नव्हतं. मी ऐकत होते आणि लाज वाटत होती. झोपेत, कामात, अगदी देवावर रुसलेली असतानाही माझ्या आत हा सांभाळ चालूच होता, आणि मी म्हणत होते, त्याचं लक्ष नाही.

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. ती कोण, हे मी खोदून विचारलं नाही. तिच्या हाताने जे मिळालं ते डोळे मिटून घेतलं, आणि तसंच घ्यायचं असतं, एवढं कळलं.

हे अजून आहेत. दर हरतालिकेला सकाळी माझं ताट स्वतः वाढतात, आणि मी जेवून उठेपर्यंत आपण पाण्यालाही शिवत नाहीत.