जवाईबापू कापसावरून घसरले

बसा बाप्पा, चहा येऊनच राह्यला. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल तर तो मीठमिरची लावून सांगेल, आणि हिच्यात मीठमिरची लावाले जागाच शिल्लक नाही. फक्त एक करा, तोंडातला घोट आधी गिळा. मागच्या वेळी सांगत होतो तर एकाच्या नाकातून चहा आला होता.

तर मी चिखलीचा. भांड्याचं दुकान आहे. रविवारी दुकान बायकोच्या, मंदाच्या, भरवशावर टाकतो आणि डोंगर चढाले जातो. आमचा छोटासा कंपू आहे. शारदा मॅडम शाळेत खेळ शिकवतात, गिर्यारोहणाचा रीतसर कोर्स केलेला, त्याच आमच्या म्होरक्या. दुसरा गजा, त्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. कधी राजूर घाटात दोर टाकून लटकतो, कधी संग्रामपूरकडून सातपुड्यात घुसतो. आणि परत आलो की एसटी स्टँडसमोर चहा पीत हिमालयाच्या गोठी करतो. बर्फ आम्ही पाहिला तो मोबाईलमध्ये, नाहीतर रसवंतीवर.

त्या दिवशी असंच चालू होतं. शारदा मॅडमनं सांडलेल्या चहात चमच्यानं डोंगर काढला होता.

"हिवाळ्यात डोंगराच्या धारेवरूनच जायचं," त्या म्हणाल्या. "नाल्यातली वाट सोपी दिसते, पण वरून बर्फ सुटला की बर्फ वर आणि आपण खाली."

गजा म्हणे, "चढाचं सोडा मॅडम, उतरायचं कसं ते सांगा. माझे गुडघे उतारावरच बोंबलते."

"त्यासाठीच तर स्नोबोर्ड, बर्फावरून घसरायची फळी. डोंगरातला बोर्ड मधून उभा चिरलेला असतो. चढताना दोन पायांत दोन फळ्या. खाली केसाळ पट्टी चिकटवायची, म्हणजे मागं घसरत नाही. वर पोहोचलो की दोन्ही फळ्या जोडायच्या, वर उभं राह्यचं, आणि चहा उतू जायच्या आत खाली."

"आणि मधातच सुटल्या तर? एक पाय हिमाचलात, एक पाय चिखलीत."

सगळे हसले. मी बी हसलो. आता इथं माणसानं हसून गप बसावं की नाही? बिल द्यावं, घरी जावं. पण माझी जीभ बाप्पा, तिले कोणी बोलावत नाही तरी येते.

"मी केलं आहे ते," मी म्हटलं.

खरं काय होतं ते तुम्हाले सांगतो, त्यांना नव्हतं सांगितलं. लग्नानंतर आम्ही मनालीले गेलो होतो. तिथं भाड्याचा केसाळ कोट घालून, भाड्याच्या बोर्डावर उभा राहून मी फोटो काढला होता. बोर्ड जागचा हलला नव्हता. तरी मी पडू नये म्हणून मंदानं माझं कोपर धरलं होतं, तिचा तो हात मी फोटोतून कापून टाकला. एवढाच माझा अनुभव.

झालं, त्या दिवसापासून मी तज्ज्ञ. जो येईल तो मलेच विचारे.

"दिलीपभाऊ, बूट कडक घ्यायचे की नरम?"

"कडक." काऊन कडक, ते मले माहीत नाही. नरम म्हटलं असतं तर वजन पडलं नसतं.

"आणि जाकीट?"

"पिसांचं. बदकाच्या पिसांचं. बाकी सगळं फालतू." हे मी त्याच दिवशी सकाळी न्हाणीघरात मोबाईलवर वाचलं होतं.

सल्ला देता देता मीच पुण्याच्या कोणाकडून जुना बोर्ड, कडक बूट आणि पिसांचं जाकीट मागवून बसलो. पार्सल आलं तर मंदा म्हणे, "ही फळी कायची? पापड लाटायची का?" मी तिच्याशी बोललोच नाही.

आणि मग खरंच बेत ठरला. हिमाचलातला एक गाईड आम्हाले नेणार होता, जानेवारीत. शारदा मॅडम आणि गजा पायी उतरणाऱ्यांत होते. पायी उतरणाऱ्यांच्या जागा भरल्या. बोर्डवर उतरणाऱ्याची एकच जागा उरली होती, ती माझ्या नावानं धरून ठेवलेली. पण गाईडची अट होती, आधी उतारावर बोर्ड चालवतानाचा व्हिडिओ पाठवा.

"तुमचा मनालीचा असेलच की," मॅडम म्हणाल्या.

"जुना मोबाईल विहिरीत पडला," मी म्हटलं. आमच्या घरी विहीर नाही.

तुम्ही हसता, पण मले जायचं होतं हो. लय जायचं होतं. वर्षानुवर्षं दुकानात बसून मी लोकांना कुकर दाखवत आलो आणि मनात बर्फात चालत आलो. ती जागा माझ्या हातून गेली असती तर मी वर्षभर कोणाशी धड बोललो नसतो. पण चिखलीत बर्फ आणू कुठून?

तेव्हा मले मामाजींचं जिनिंग आठवलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. डोणगावकडं त्यांचं जिनिंग आहे, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. डिसेंबरात तिथं अंगणात कापसाचे ढीग लागते. घराएवढे उंच, पांढरेफेक, वरून खाली उतार. मी म्हटलं, पांढरं आहे, मऊ आहे, उतार आहे. मोबाईलवर कोणाले काय समजते?

मंदाले म्हटलं, चल, तुझ्या माहेरी जाऊन येऊ. ती इतकी खूश झाली की तिनं कारणच विचारलं नाही. मागच्या सीटवर गजा आणि बोर्ड.

रस्त्यात गजा हळूच म्हणे, "भाऊ, तुम्ही तर म्हणे हे केलं आहे."

"बर्फावर केलं आहे बे. हे कापसावर आहे."

आता आमच्याकडं जवायाचा मान तुम्हाले माहीत आहे. जवाई आला की सगळ्यात चांगली खुर्ची त्याची, पहिला घास त्याचा, आणि त्याले नाही म्हणायची सोय कोणाले नाही. त्यात मी लग्नात रुसलो नव्हतो. अंगठी मागितली नाही, गाडी मागितली नाही. मामाजींच्या मनात ते राहून गेलं होतं.

"मामाजी, एक मागू का?"

"मांगा ना जवाईबापू, तुम्ही तर कधी काही मांगलंच नाही."

"तुमच्या ढिगावरून जरा घसरून पाहू का?"

मामाजींनी माझ्याकडं पाह्यलं, बोर्डाकडं पाह्यलं, मग ढिगाकडं पाह्यलं. पण जवाई तो जवाई.

"घसरा," ते म्हणाले. "फक्त वर काही सांडू नका. कापसात सुतळीचा तुकडा गेला तरी सूतगिरणीवाला माल परत करते."

"मी काय सांडणार मामाजी? माझ्याकडं आहे काय?"

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, मी ते आजही उशीवर डोकं टेकलं की ऐकतो.

मग मी तयार झालो. कडक बूट, मोठा चष्मा, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट, अंगात पिसांचं जाकीट. भर दुपार, घाम टाचेपर्यंत. बर्फात बिनजाकिटाचा माणूस कसा दिसेल, सांगा बरं? बाया काम सोडून पाहाले उभ्या राह्यल्या. मामाजींनी माझ्यासाठी शिडी धरली, स्वतः. वर गेलो तर प्रत्येक पावलाले मांडीपर्यंत आत. बोर्डात पाय अडकवले, पट्टे आवळले आणि गजाले खूण केली.

गजानं मोबाईल असा धरला की फक्त पांढरा उतार आणि मी. "चालू द्या भाऊ," तो ओरडला.

मी पुढं झुकलो. बोर्ड हलला नाही. आणखी झुकलो. बर्फ घसरू देते, कापूस धरून ठेवते, हे मले त्या घडीले समजलं. पण तोवर माझं वजन पुढं गेलं होतं. बोर्डाचं नाक ढिगात रुतलं, आणि मी त्याच्यावरून कोलांटी घेतली. बोर्डाच्या कडेले पोलादी पट्टी असते, धारदार. ती माझ्या बगलेपासून कमरेपर्यंत जाकिटावरून गेली. मले काही लागलं नाही. जाकीट मात्र उघडलं.

आणि पिसं निघाली बाप्पा. एका जाकिटात इतकी बदकं असतात हे मले माहीत नव्हतं. मी पाठीवर घसरत खाली, माझ्यामागं पिसं वर, आणि वरचा ढीग कोसळून माझ्यावर. शेवटी माझा फक्त बोर्ड बाहेर दिसत होता. गजानं एक टोक धरलं, मामाजींनी दुसरं, आणि मले ओढून बाहेर काढलं.

मी चष्मा काढला. पांढऱ्या कापसाच्या ढिगावर पांढरी पिसं हळूहळू बसून राह्यली होती. मशीनचा आवाज बंद झाला, मामाजींनीच हात वर करून थांबवलं होतं.

दुसरा कोणी असता तर मामाजींनी त्याले त्याच ढिगात परत गाडला असता. पण जवाई. त्यांनी माझ्या खांद्यावरचा कापूस झटकला.

"लागलं तर नाही ना जवाईबापू?"

"नाही मामाजी. पण ही पिसं..."

"पिसांचं काही नाही. फक्त ती सुतात गेली की कापड रंग धरत नाही आणि माझं नाव जाते. तुम्ही चहा घ्या."

मी म्हटलं, बाया येचून टाकतील ना? तेवढ्यात मंदा आली. ती घरची लेक, तिले जवायाचा मान बिन काही नव्हता.

"बाया कायले येचतील? त्यांनी सांडली का?" ती म्हणाली. "चढा वर. आणि आता कळलं, तुम्हाले माह्या माहेराची आठवण कशी आली ते."

मी चढलो. बूट काढून, अनवाणी. कापसातून पीस येचणं म्हणजे काय ते मी तुम्हाले सांगू शकत नाही. एक पीस उचललं की श्वासानं दोन उडते. म्हणून श्वास धरून येचायचं. मामाजी थोड्या थोड्या वेळानं शिडीवर चढून वर येत, स्वतः पोह्यांची बशी घेऊन. "सावकाश होऊ द्या जवाईबापू, घाई नाही," म्हणत आणि कापूस घेऊन खाली खोळंबलेल्या गाड्यांकडं पाहात. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मले लय लाज वाटली.

एकच आशा होती. गजानं व्हिडिओ पाठवला होता. कोलांटी कापून टाकली, माझं घसरणं ठेवलं. "भाऊ, काय दिसता तुम्ही," तो म्हणे. "चारही बाजूनं भुरभुर बर्फ, आणि शेवटी तुम्ही पांढऱ्या धुराळ्यात दिसेनासे." कापसावर बसल्या बसल्या मले वाटलं, सगळं गेलं तरी जागा तरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मी वरच होतो तेव्हा शारदा मॅडमची गाडी आत आली. गाईडचा फोन आला होता, माझा मोबाईल लागत नव्हता, म्हणून गजाले पत्ता विचारून त्या स्वतः आल्या. त्यांनी ढीग पाह्यला, मले पाह्यलं, टोपलीतली पिसं पाह्यली.

"म्हणजे हा तो डोंगर," त्या म्हणाल्या.

"मॅडम, गाईड काय म्हणे?"

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. गाईड हिंदीत बोलले, मी आपल्या भाषेत सांगतो. "उतार झकास आहे. बर्फ एकदम ताजा. पण हा माणूस बर्फ पडून राह्यला असताना एकटा उतारावर गेला. सोबतीले कोणी नाही, आणि शेवटी बर्फाखाली गाडला गेला तरी व्हिडिओ काढणारा हसून राह्यला. असल्या बेपर्वा माणसाले मी डोंगरावर नेत नाही."

ऐकता का? माझा खोटा बर्फ इतका खरा निघाला की त्याच्यापायी माझी जागा गेली. माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. मी वरून ओरडलो, "मॅडम, खरं सांगून टाका. म्हणा बर्फ नव्हता, कापूस होता. मी बेपर्वा नाही, मले काही येतच नाही."

मॅडमनं सांगितलं. सगळं सांगितलं, मनालीच्या कोपरासकट, कारण ते मंदानं मधातच पुरवलं. मग गाईड म्हणाले, "बर्फावर पडणाऱ्याले मी उभं करतो, ते माझं कामच आहे. पण जो कापसावर पडते, त्याले शिकवाले मी सुरुवात तरी कुठून करू?"

मॅडमनं फोन माझ्याकडं वर धरला.

"उतरण्यापासून करा सर," मी म्हटलं. "मी कालपासून वरच आहे."