पोर्चवरचा दिवा

निखिलचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "काकू, बाबा गेले... झोपेतच." त्याला आता काही आठवडे झाले, तरी माझं कशात लक्ष लागत नाही. चहा ठेवते नि विसरते, टीव्ही लावते नि बंद करते. खरं सांगू? दुःखापेक्षा चिडचिडच जास्त होते.

अरविंद, म्हणजे निखिलचे बाबा, आमचा इथला, अमेरिकेतल्या शुगर लँडमधला शेजारी. इंजिनीअर, रोजचा लांबचा ड्राइव्ह, त्यात रेडिओवर इथली गावरान कंट्री गाणी ऐकून ऐकून त्याला त्यांचं वेडच लागलं. बायको गेल्यावर तर त्यानं पिकअप ट्रक घेतला, डोक्यावर काउबॉय हॅट! आम्ही काय कमी चिडवलं? मग आमच्या मराठी मंडळाच्या भजनाला सुधा यायला लागली. रिटायर्ड डॉक्टर, तीही एकटीच. एकदा आम्हा दोघींना चहा देता देता त्यानं एक गाणं लावलं आणि आम्हाला मराठीतून सांगितलं, "यात चंद्र नाही, तारे नाहीत. म्हातारा तिचा कप भरतो, ती त्याचा चष्मा पुसते. ती बाहेर गेली की तो दारापुढच्या पोर्चवरचा दिवा चालू ठेवतो. बस्स!"

"मग यात प्रेम कुठाय?" मी विचारलं.

सुधा नुसती हसली. "अगं, आहे ना..."

तेव्हापासून तिचा संध्याकाळचा चहा त्याच्याकडे. ती निघाली की हा पोर्चवरचा दिवा लावायचा, आणि "पोचले" असा तिचा मेसेज येईपर्यंत तो बंद करायचा नाही. घर तिचं दहा मिनिटांवर! "लग्न करून टाका यार," मी म्हटलं, तर म्हणाला, "आता कशाला लोकांना कामाला लावायचं?" चघळायच्या कामाला लोक बिनपगारी लागलेच होते म्हणा.

अंत्यदर्शनाला फ्युनरल होममध्ये निखिल आणि सून पुढच्या रांगेत, सुधा अगदी मागे. मंडळाच्या मेसेजमध्ये ती 'फॅमिली फ्रेंड'. फॅमिली फ्रेंड म्हणे! डोकंच फिरलं माझं. सगळे निखिलला जवळ घेत होते. बाई गं, तू कशी आहेस, असं हिला कुणी म्हणून विचारलं नाही.

परवा निखिल अल्फारेटाहून घर आवरायला आला, आम्हा दोघींना चहाला बोलावलं. आज सुधासाठी मी बोलणारच, असं ठरवून गेले होते. पण त्यानंच बाबांचा फोन सुधापुढे केला. "मावशी, हे अजून येतंय. एव्हरी इव्हनिंग. 'पोचले.'"

सुधा ओशाळली. "संध्याकाळी गाडी काढते, इथवर येते, वळून घरी जाते... सवय रे. बंद करते मी." चहा अर्धा टाकून ती उठलीच.

तिनं गाडी सुरू केली तेव्हा तो दारात गेला, पोर्चवरचा दिवा लावला. "मावशी, पोचलात की मला टेक्स्ट करा. मी थांबतो."

मी कप विसळले, ओटा पुसला, परत पुसला. तो दारातच उभा. त्याचा फोन वाजला, तेव्हा कुठे त्यानं दिवा बंद केला.