चार पत्त्यांचं पुस्तक

माझा थोरला भाऊ सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि पलटणीतला पोकर हा पत्त्यांचा खेळ आष्ट्याच्या आमच्या घरात घेऊन आला. दर रविवारी दुपारी पडवीत तो आणि त्याचे तीन फौजी मित्र टेबलाभोवती बसत. पैसे लावायचे नाहीत ही आईच्या वेळची ताकीद, म्हणून चिंचोके लावायचे. मी त्याच घरात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, आणि माझ्याकडे चहाचं खातं. चार कप न्यायचे, चार कप आणायचे, मधल्या वेळात दाराशी उभं राहून डाव बघायचा; नियम मात्र कुणी समजावले नव्हते.

गेल्या वर्षी एक मित्र मुलाकडे पुण्याला राहायला गेला. खुर्ची रिकामी झाली. मी म्हणाले, "दादा, मी बसते."

"ही काय तुमची तीन पत्ती हाय व्हय?" दादा म्हणाला आणि तिघंही हसले.

मला भयंकर राग आला. ज्या बाईनं अख्खी नोकरी पाढे शिकवण्यात घालवली, तिला हे पत्ते मोजता येणार नाहीत? मी हटूनच बसले. शेवटी दादानं एक वाटी चिंचोक्यांनी भरून समोर ठेवली. "तीन रविवार ही वाटी पुरवायची. रिकामी झाली की उठायचं, पुन्ना खुर्चीचं नाव काढायचं न्हाई. उरलं तर खुर्ची तुझी."

मी सांगलीला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पोकरचं सगळ्यात जाड इंग्रजी पुस्तक आणलं. परीक्षा जवळ आली की जाडजूड गाईड विकत घेणाऱ्या पालकांना मी जन्मभर हसत आले होते. आता मीही तेच केलं. शब्दकोश शेजारी ठेवून दीडशे पानं वाचली.

पहिल्या रविवारी कळलं की आमच्या टेबलावर जो पत्ते वाटतो तोच खेळ ठरवतो. कधी हातात दोन पत्ते, कधी चार, कधी सात. माझं पुस्तक फक्त दोन पत्त्यांचं. एका मित्रानं चार वाटले. माझ्याकडे बदामचा एक्का आला आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पाच पत्त्यांत चार बदाम निघाले. मी अर्धी वाटी आत सारली आणि पत्ते उलटे केले. "कलर! पाचही बदाम!"

दादानं कपाळाला हात लावला. "अगं बाय, ह्यात हातातलं दोनच धरायचं आन् टेबलावरचं तीन. तुझ्या हातात बदाम एकच हाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी उठून चहाला गेले, तिथं मला रडू आलं आणि चहाही उतू गेला.

दुसऱ्या रविवारी मी पुस्तकातलं हूल देण्याचं प्रकरण वापरलं. हातात काही नसताना जोरात बोली वाढवायची, म्हणजे समोरचा घाबरून पत्ते टाकतो, पॅक करतो, असं लेखकाचं म्हणणं. त्यानं आमचे फौजी पाहिले नसावेत. पत्ते टाकणं म्हणजे माघार, आणि माघार घेण्यात त्यांना कमीपणा वाटतो. "फौजी मागं सरत न्हाई, बाई," असं म्हणत ते शेवटच्या पत्त्यापर्यंत चालत राहायचे. संध्याकाळी वाटीत जेमतेम मूठभर चिंचोके राहिले.

मग मात्र मी डोकं शांत केलं. एसटीनं साताऱ्याला गेले. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं कपाट उघडून खेळांची तीन पुस्तकं पुढ्यात ठेवली. या वेळी मी ती शाळेसाठी पुस्तकं निवडावीत तशी पाहिली. पहिल्यात लेखकानं स्वतःच्या विजयाच्याच कथा सांगितल्या होत्या, ते बाजूला ठेवलं. दुसरं चांगलं होतं, पण पुन्हा दोन पत्त्यांचं. तिसरं बारीक, कोपरे दुमडलेलं, फक्त चार पत्त्यांवर, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वाध्याय, मागे उत्तरं. स्वाध्याय नसलेल्या पुस्तकावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

"मुलासाठी का?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

आठवडाभर वही घालून स्वाध्याय सोडवले. चुकलेल्यांवर लाल पेननं गोल केले. सात पत्त्यांच्या खेळाचं पुस्तक काही मिळालं नाही. तेव्हा ठरवलं, ज्याचं पुस्तक वाचलं नाही त्या खेळात उतरायचंच नाही.

तिसऱ्या रविवारी मी डावामागून डाव पॅक केला. दर डावाला एक चिंचोका तरी जायचाच, तेवढाच जाऊ दिला. आलेच चांगले पत्ते तरच चालले, आणि तेवढ्यावर वाटी तग धरून राहिली. "मास्तरीणबाई लय भित्र्या," मित्र म्हणाले. मी ऐकून घेतलं.

पैजेचा शेवटचा डाव दादानं वाटला. चार पत्ते. माझ्या हातात बदामचा एक्का आणि दश्शी. टेबलावर बदामची सत्ती, नव्वी आणि राणी. या वेळी कलर खरा होता. मग शेवटचा पत्ता चौकटची सत्ती पडला आणि दादानं पुढ्यातले सगळे चिंचोके आत सारले. सोबत राहायला मला अख्खी वाटी लावावी लागणार होती. हात शिवशिवत होते. पण टेबलावर जोडी पडली की कलरवर भाळू नये, हा स्वाध्याय मी दोनदा चुकले होते. एक्क्यासकट पत्ते पालथे टाकले.

दादानं हसत आपले पत्ते उघडले. सत्ती आणि नव्वी. टेबलाशी मिळून तीन सत्त्या, दोन नव्व्या, म्हणजे कलरच्याही वरचा हात. माझा कलर तिथं मेलाच असता.

माझ्या वाटीत सात चिंचोके उरले होते.

"चहा आण गं," दादा सवयीनं म्हणाला.

मी उठले नाही. दोघे मित्र माझ्याकडे बघायला लागले. भीती वाटत होती, पण मी खुर्चीत घट्ट बसून राहिले. "दादा, मी खेळतीय," मी म्हणाले.

त्यानं वाटीत डोकावून पाहिलं. मग उठला आणि आत गेला. डबे उघडल्याचे, झाकण पडल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळानं तो चार कप घेऊन बाहेर आला आणि पहिला माझ्यासमोर ठेवला.

चहात साखर दुप्पट होती, आलं नव्हतंच. मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले. आता वाटायची पाळी माझी होती. मी पत्ते पिसले आणि म्हणाले, "चार पत्ते."