स्तोत्रं चालू असताना आलेला फोन

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. अकोल्यात आमच्या आसपास दुसरं ज्यू घर नाही, म्हणून बाबा सकाळची प्रार्थना घरीच म्हणतात, शाल पांघरून, जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून. सुरुवातीला स्तुतीची स्तोत्रं असतात. त्यांच्या आधीचा आशीर्वाद एकदा म्हटला, की नंतरचा म्हणेपर्यंत मधे एक शब्द बोलायचा नाही. दूधवाला येवो की पाहुणा, बाबा नुसते हातवारे करतात. माझं डोकं फिरतं.

त्या सकाळी ताईला अमरावतीच्या दवाखान्यात सिझेरियनला आत नेलं होतं. तिचं पहिलं बाळ गेलेलं, त्यामुळे घरात कोणी मोठ्यानं आशासुद्धा करत नव्हतं. आई तिथे ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसली होती. इकडे बाबा शेवटच्या स्तोत्रावर आले. त्याच्या शब्दांत शिंगं, डफ, झांजा सगळं वाजतं, आणि बाबा तिथे टेबलावर बोटांनी ताल धरतात. तेवढ्यात मोबाइल वाजला. मी झडप घालून स्पीकर लावला.

"पोरगी झाली वं!" आई ओरडली. मी उडीच मारली. "पन अजून रडून नाही राहिली. डॉक्टर पाहून राहिले."

"बाबा, बोला ना काहीतरी!"

त्यांनी बोट हलवून नाही म्हटलं. असा संताप आला मला! मग ते मोबाइलजवळ आले आणि शेवटची ओळ म्हणू लागले. ज्याला श्वास आहे त्या प्रत्येकानं देवाची स्तुती करावी, असा तिचा अर्थ. रिवाजानं ती दोनदा म्हणतात. बाबांनी परत म्हटली, पुन्हा म्हटली, थांबेचनात. मीही बेसूर, मोठमोठ्यानं म्हणायला लागले.

आणि फोनमधून टाहो ऐकू आला.

"रडली! रडली वं!"

मी नाचत सुटले. शेजारच्या मावशी "काहून ओरडून राहिली?" म्हणत धावत आल्या, तर त्यांनाच मिठी मारली. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण उरलेले शब्द चालूच, आणि इतके भरभर की मला हसू फुटलं.

नंतरचा आशीर्वाद संपला. बाबांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला.

"माही पोरगी कशी हाये?"

इतक्या गोंधळात ताईचं नाव आईच्या किंवा माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. मग दार उघडल्याचा आवाज आला, आईनं घाईनं ताईबद्दल विचारलं, आणि नर्स म्हणाली, "चांगल्या आहेत त्या. केव्हाच्या विचारून राहिल्या, बाबांची प्रार्थना झाली का म्हणून."