कडी लावून ऐकलेला रेडिओ

सुधाकर गेल्याची बातमी ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीच्या, कंपनीबसच्या ड्रायव्हरनं आणली. ऐकल्याबरोबर मनात पहिलं काय आलं, तर आता त्याला न्यायला कोणी येणार नाही... लाज वाटली मला, पण सुटल्यासारखंही वाटलं.

चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही दोघं फिजिक्स शिकवायचो. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. पल्सार म्हणजे गरगर फिरत रेडिओलहरींचे ठोके देणारा, विझलेला तारा. त्या लहरी कोणत्या दिशेनं डोलतात हे मोजायचं सुधाकरला भारी वेड. त्याची बायको, आमच्या वहिनी, वीजकेंद्रात नोकरीला, त्यांच्या क्वार्टरमध्ये तो ट्रान्झिस्टर आडवा-उभा करून दाखवायचा. आवाज बसला की म्हणायचा, "पाह्य, ताऱ्याचंबी असंच हाय. तार त्याच्या डोलण्यासंग धरली तं आयकू येते, नाई तं गप."

वीजकेंद्राच्या खरखरीत तारा कुठला ऐकू येणार! मग उसनं यंत्र घेऊन आम्ही, नक्षलवाद्यांचा वावर सुरू झालेल्या सिरोंच्याकडच्या जंगलात बांबूच्या चौकटींवर तारा ताणल्या. कोणाला विचारावं, हे डोक्यातच आलं नाही. भरदुपारी पोलिसांची जीप आली. बंदुका घेतलेले शिपाई आमच्याभोवती उभे राहिले.

"कोनासंग बोलून राह्यले?" साहेबानं विचारलं.

"बोलत नाई साहेब, फक्त आयकतो. दाखवतो न तुमाले."

तासभर ठोके साठवल्यावर यंत्राच्या पेननं कागदावर एक उंचवटा काढला. सुधाकरनं सगळ्या चौकटी काटकोनात फिरवल्या. पुन्हा तासभर आम्ही बंदुकांसमोर बसून राहिलो, आणि या वेळी रेघ सपाट आली. याच मोजमापासाठी त्यानं जिवाचं रान केलं होतं. तो हरखून माझ्याकडे पाहत होता. मी साहेबाच्या चेहऱ्याकडे.

"तुमी खूण केली," साहेब शांतपणे म्हणाला, "अन् तिकडचा गप झाला."

सुधाकरला घेऊन गेले. मला का सोडलं, कोण जाणे. काही दिवसांनी तो परत आला. तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. तारा त्यानं पुन्हा ताणल्या नाहीत. ट्रान्झिस्टरचा आवाज बसला की आधी उठून दाराला कडी लावायचा, खिडकी लोटायचा, मगच तो फिरवायचा.

परवा वहिनींकडे गेलो होतो. ट्रान्झिस्टर त्याच फळीवर होता. बातम्या सुरू झाल्या आणि आवाज बसला.

"जरा फिरवा न भाऊ," वहिनी म्हणाल्या.

मी हात पुढे केला... आणि उठून आधी कडी लावून आलो. वळून पाहिलं, तर वहिनी खिडकी लोटत होत्या.