डावीकडची सीट

काल सूनबाईंनी करडईच्या तेलाचा डबा उघडला आणि तो उग्र वास नाकात शिरताच मी परंड्यातल्या आमच्या गोठ्यात जाऊन पोचलो.

तिथं एक विलायती मोटार होती, बिनटपाची, दोनच सीटांची. निजामाच्या राज्यातला कुणी अधिकारी जाताना ती मागं टाकून गेला होता. कितीतरी वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ती दुरुस्त करायचं वेड माझं, हात मात्र दगडूनानांचे. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारे हे म्हातारे वर्षभर रोज संध्याकाळी येत. डाव्या सीटचं तडकलेलं चामडं मऊ व्हावं म्हणून ते करडईचं तेल चोळत बसायचे. एकदाच म्हणाले, "मालक, चालू झाली की मला एकडाव सोनारीला न्या, भैरवनाथाला. दुसरं काय न्हाय मागत."

गाडी निघायची त्या सकाळी नेमके तहसीलदार आले. "चक्कर मारू या की!" मी लगबगीनं डावं दार उघडलं. नाना धुतलेलं धोतर नेसून, हातात नारळ घेऊन उभे होते. इंजिन बंद पडलं, तेव्हा नारळ खाली ठेवून त्यांनीच मागून गाडी ढकलली.

साहेबांनी नाक मुरडलं. "कसला हो हा वास?"

"आमच्या मिस्त्रीनं तेल फासलंय," म्हणत मी हसलो.

परतलो, तर नाना फडकं घेऊन गाडीत पडलेली साहेबांच्या बुटांची माती पुसू लागले. "आता तुम्ही बसा," एवढंच म्हणायचं होतं. ते तेव्हा सुचलंच नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो.

सुचलं होतं. टाकीत पेट्रोलही होतं.